एलव्हीएसचा अहवाल कसा वाचावा: लेआउटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोलीच्या आमच्या कार्यालयात चिपच्या लेआउटच्या, म्हणजे सिलिकॉनवर उमटवायच्या आकृत्यांच्या, कामावर नव्याने रुजू होणारे अभियंते डीआरसी (आकृत्यांची रुंदी व अंतरे नियमांत बसतात का, याची तपासणी) सहज शिकतात. मात्र एलव्हीएसच्या (लेआउट आणि स्केमॅटिक, म्हणजे सर्किटची मूळ आकृती, जुळतात का, याच्या तपासणीच्या) पहिल्याच अहवालातील शेकडो चुका पाहून ते गांगरतात. त्यांना मी प्रथम एवढेच सांगते की या शेकडो चुकांचे मूळ बहुधा एकदोन ठिकाणीच असते, त्यामुळे यादीतील पहिल्या चुकीपासून दुरुस्तीला लागू नये.

एलव्हीएसमध्ये सॉफ्टवेअर लेआउटमधील आकृत्यांवरून ट्रान्झिस्टर आणि जोडण्या ओळखून एक नेटलिस्ट (काय कशाला जोडले आहे, याची यादी) तयार करते आणि ती स्केमॅटिकच्या नेटलिस्टशी ताडून पाहते. म्हणून सर्वांत आधी व्हीडीडी (वीजपुरवठा) व व्हीएसएस (ग्राउंड) यांचा शॉर्ट, म्हणजे नको असलेली जोडणी, आहे का, हे पाहावे. तो असेल तर उरलेला अहवाल वाचण्यात अर्थ नाही, कारण जवळपास प्रत्येक सेल (तयार छोटे सर्किट) या दोन नेटना, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तारांच्या जाळ्यांना, जोडलेला असतो. मोठ्या ब्लॉकमध्ये असा शॉर्ट नजरेने हुडकण्याऐवजी लेआउटच्या प्रतीतून वरचा एकेक मेटल थर वगळून तपासणी पुन्हा चालवावी. कोणता थर काढल्यावर शॉर्ट नाहीसा होतो, हे कळले की शोधाचे क्षेत्र फार लहान होते.

त्यानंतर नेटची संख्या पाहावी. लेआउटमध्ये एक नेट कमी असेल तर बहुधा शॉर्ट असतो, एक जास्त असेल तर बहुधा ओपन, म्हणजे तुटलेली जोडणी. दोन्ही एकाच वेळी असतील तर संख्या जुळूनही जोडण्या चुकलेल्या असतात. एन-वेलचा (पीमॉस प्रकारचे ट्रान्झिस्टर ज्यात बसतात त्या भागाचा) टॅप, म्हणजे त्याला पुरवठ्याशी जोडणारा संपर्क, राहून गेला तर त्या वेलमधील सर्व पीमॉसचे बॉडी टर्मिनल (वेलशी जोडलेले टोक) एका वेगळ्याच, निनावी नेटवर जाते आणि एका टॅपपायी चुकांची रांग लागते.

ट्रान्झिस्टरच्या रुंदीची तक्रार आली तरी आधी जोडणीच तपासावी. स्केमॅटिकमध्ये 8 मायक्रॉनचा ट्रान्झिस्टर असेल आणि लेआउटमध्ये 2 मायक्रॉनची 4 फिंगर (एकाच ट्रान्झिस्टरचे समान भाग) असतील, तर ती समांतर असल्यास सॉफ्टवेअर त्यांना एकत्र धरते; एका फिंगरचा सोर्स जरी सुटला तरी ती एकत्र येत नाहीत.

एका गोष्टीबाबत मी फार आग्रही आहे. तुटलेल्या नेटच्या दोन तुकड्यांवर एकच लेबल ठेवून, नावावरून जोडणी मानण्याची सोय वापरून अहवाल स्वच्छ करू नये. सिलिकॉनवर लेबल छापले जात नाही. तिथे मेटल आणि व्हाया (दोन मेटल थरांना जोडणारे खांब) यांनीच जोडणी होते.

सरावासाठी मॅजिक, नेटजेन आणि केलेआउट ही साधने मोफत आहेत, आणि स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचे 130 नॅनोमीटरचे पीडीके (त्या प्रक्रियेचे नियम व मॉडेल यांचा संच) 2020 पासून सर्वांना खुले आहे. त्यात एलव्हीएस जुळलेला एक साधा इन्व्हर्टर (इनपुट उलटा करून देणारे सर्किट) घ्यावा, कधी टॅप काढावा, कधी ड्रेनची तार तोडावी, कधी इनपुट व्हीएसएसला चिकटवावा, आणि दर वेळी अहवालात नेमके काय बदलते ते वहीत लिहून ठेवावे.