घरी गाडी रंगवताय? किनाऱ्यावर या चुका टाळा

देवगड, मालवण, गुहागरसारख्या गावांत घरी रंगवलेल्या गाडीवर पहिला पावसाळा सरतो न सरतो तोच फोड दिसू लागतात. मग दोष दिला जातो रंग फवारायच्या गनला, हाताला नाहीतर स्वस्तातल्या रंगाला. माझं मत असं की आपल्याकडे काम बिघडतं ते रंगाचा पहिला हात मारण्याआधीच, पत्र्यावर राहिलेल्या मिठामुळे आणि ओलीमुळे. पैसे मोजके असतील तर ते खालच्या थरांवर घाला. आणि अख्खी गाडी एकदम घेऊ नका. एक दार किंवा बॉनेट करून हात बसू द्या.

खारा वारा गाडीवर मीठ आणून बसवतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर धुतानाही तेच मीठ पत्र्यावर वाळतं. रंगाचा थर वरून कितीही घट्ट दिसला तरी ओल त्यातून हळूहळू आत जाते, मिठापाशी साठते आणि रंग फुगवते. म्हणून धुवायला गोडं पाणी घ्या, मग ते दुरून आणावं लागलं तरी चालेल. त्यानंतर ग्रीस काढायच्या थिनरने स्वच्छ फडक्याने पुसा आणि मगच पॉलिश पेपर लावा. आधी घासलंत तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. डॅशबोर्डची पॉलिश किंवा डोक्याला लावलेलं खोबरेल हाताला असलं, तरी रंगात बारीक गोल खळगे पडतात.

सगळ्यात महागात पडते ती गंजावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरण्याची चूक. फोड बोटभर दिसतो, पण खाली गंज बराच पसरलेला असतो. ८० नंबरचा पेपर किंवा वायर ब्रश लावून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांत काळे ठिपके राहिले तर फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावा, डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पूर्ण सुकवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला संरक्षक थर, मारा. उघडा पत्रा रात्रभर खळ्यात (अंगणात) ठेवला तर सकाळी त्यावर नवा गंज चढलेला असतो. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर प्रायमर चढल्यानंतर वापरा. पत्र्याला भोकच पडलं असेल तर लांबीने बुजवू नका, तिथे तुकडा वेल्ड करून घ्यावाच लागतो.

रंग मारायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दंव पूर्ण उडालं की सुरू करा आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटण्याआधी आवरतं घ्या. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असतो, हवा त्यातल्या त्यात कोरडी. माटवाखाली (मांडवाखाली) काम करत असाल तर वरच्या झावळ्या आधी झाडून घ्या, जांभ्याची लाल धूळ बसवायला जमिनीवर पाणी शिंपडा. थेट उन्हात तापलेल्या पत्र्यावर मात्र रंग नको, तो टेकण्याआधीच सुकतो आणि खरखरीत बसतो.

एवढं करूनही रंग पांढुरका पडला तर समजा की हवा दमट होती. थिनर उडताना पत्रा गार होतो आणि त्यावर ओल धरते. सावकाश उडणारा थिनर वापरा किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहा. ओघळ आला तर बोटाने पुसू नका. पूर्ण वाळू द्या, मग लाकडी ठोकळ्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून सपाट करा. जुना इनॅमल (सावकाश वाळणारा तेलकट) रंग असेल त्यावर लॅकर (थिनर उडून पटकन सुकणारा रंग) मारलंत तर सुरकुत्या येतात. मग सगळं खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. लॅकर थिनरने ओल्या केलेल्या फडक्याने कोपऱ्यात घासून आधी परीक्षा घ्या.

रंगात पाण्याचे थेंब येत असतील तर कंप्रेसरकडे पाहा. आपल्या हवेत त्याच्या टाकीत पाणी लवकर साठतं. खालची चावी उघडून ते सोडा आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवा.

एका बाबतीत काटकसर अजिबात करू नका. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगात आणि क्लिअरमध्ये (वरच्या पारदर्शक थरात) आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांनी कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क तिथे उपयोगाचा नाही. हे काम गॅरेजवाल्याकडे द्या. सुटं दार टेम्पोत घालून नेता येतं. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते आणि पटकन पेट घेते. अंगणातला पाण्याचा बंब आणि चूल त्या दिवशी पेटवू नका.

मूळ रंग बदलायचा बेत असेल तर रंगाची नोंद आरसीवर असते, त्यामुळे आधी आरटीओत विचारून या.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती रंगाने किंवा लांबीने बुजतात. प्रत्येक हातानंतर त्यात तार फिरवा. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा तपासा, कारण तिथे चिखल अडकला की दार आतून सडतं.