जेसीबीच्या मदतीने घोड्याला मूठमाती देताना

काठेवाडी किंवा मारवाडी जातीच्या मोठ्या घोड्याचे वजन साधारण ३५० ते ४५० किलोच्या घरात असते. असे जनावर गेले म्हणजे चार माणसांनी ते उचलून नेणे शक्य नसते, आणि म्हणून इंदूरच्या आसपासच्या शेतांवर, मग ते सांवेर असो, देपालपूर असो की महूकडचा पट्टा, अशा वेळी जेसीबी बोलावला जातो. यंत्र वापरल्याने जनावराचा अवमान होतो असे मला वाटत नाही. अवमान होतो तो घाईमुळे: खड्डा अर्धाच खणलेला असतो, साखळी मागच्या पायांना अडकवली जाते, आणि दसऱ्याला ज्याच्या पाठीवर झूल घालून पूजा केली तेच जनावर मान लोंबकळत मातीतून फरफटत नेले जाते. खड्डा पूर्ण तयार झाल्याखेरीज घोडा जागचा हलवायचा नाही, हा एक नियम पाळला तरी यातले बहुतेक टळते.

सर्वांत आधी पशुवैद्यांना बोलवावे. घोडा अचानक गेला असेल, नाकातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका घ्यावी आणि शव कोणालाही उघडू देऊ नये, कारण हवा लागताच त्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. नाकातून चिकट पू आणि कातडीवर गाठी-जखमा असतील तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा संशय घ्यावा लागतो. तो माणसालाही होतो. हे दोन्ही रोग २००९च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली येतात, त्यामुळे कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि मग विल्हेवाट सरकारी पशुवैद्य सांगतील त्याच रीतीने करायची. विमा असेल तर कंपनीला खड्डा बुजवण्यापूर्वी कळवावे, डॉक्टरांचा दाखला घ्यावा आणि ओळखीच्या खुणांचे फोटो काढून ठेवावेत. मातीखाली गेलेल्या घोड्याचा दावा सिद्ध करणे फार अवघड जाते. शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी बंगल्याच्या आवारात पुरण्याचा विचार करू नये, थेट महापालिकेला कळवावे. गावात स्वतःची जमीन असली तरी पंचायतीच्या कानावर घालणे बरे.

जागा निवडताना खरी काळजी पाण्याची करायची. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’ ही इकडची म्हण अभिमानाने सांगितली जाते, पण पावलोपावली पाणी असलेल्या प्रदेशात चुकीच्या जागी पुरलेले जनावर विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. विहीर, बोअर, नाला आणि तलाव यांपासून निदान १०० मीटर अंतर ठेवावे, विहीर उताराच्या खालच्या बाजूला असेल तर याहून बरेच जास्त. सखल, पाणी साचणारी जागा टाळावी. खणताना तळाशी पाणी झिरपताना दिसले तर तो खड्डा सोडून द्यावा, मग कितीही मेहनत झालेली असो. वर विजेच्या तारा आणि खाली बोअरची केबल किंवा ठिबकची मुख्य पाइपलाइन नाही, हे ऑपरेटर येण्यापूर्वी पाहून ठेवावे. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबीची चाके रुततात, तेव्हा मुरमाच्या वाटेजवळची जागा सोयीची.

खड्डा तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल असावा. घोडा कुशीवर निजलेला असताना त्याच्यावर सव्वा ते दीड मीटर माती राहिली पाहिजे, आणि पोट फुगते हे हिशेबात धरले तर ही खोली जास्त नाही. वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, असे दोन वेगळे ढीग करायला ऑपरेटरला सुरुवातीलाच सांगावे, आणि दोन्ही ढीग काठापासून दीड मीटर लांब ठेवावेत. एका टोकाला उतार कापून घेतला तर घोडा खाली टाकावा न लागता सरकवत नेता येतो. तासाभाड्याचे मशीन थोडे जास्त वेळ चालेल, पण हा खर्च वाचवू नये. काळ्या मातीच्या भिंती उभ्या दिसतात आणि काही न सांगता ढासळतात, म्हणून दोरी सोडवायलासुद्धा कोणी खड्ड्यात उतरू नये.

घोड्याचा त्रास संपवण्यासाठी डॉक्टर इंजेक्शन देणार असतील आणि घोडा चालू शकत असेल, तर त्याला तयार खड्ड्याजवळ, काठापासून चार-पाच मीटरवर आणून तिथेच ते द्यावे, म्हणजे नंतरची ओढाताण उरतच नाही. अशी औषधे, विशेषतः बार्बिट्युरेट गटातली, शवात टिकून राहतात, आणि असे शव उघड्यावर पडले तर कुत्री, कोल्हे आणि गिधाडे मरतात. वेदनाशामकांचेही तसेच आहे. गिधाडांच्या मृत्यूंमुळेच जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर भारतात २००६ साली बंदी आली.

सोबतचा घोडा किंवा घोडी असेल तर तिला जवळ येऊन हुंगू द्यावे. ती नंतर कमी सैरभैर होते असा अनेक घोडेवाल्यांचा अनुभव आहे. रोगाची शंका असेल तेव्हा मात्र हे करू नये. त्यानंतर मोरखी (तोंडावरची दोरी), नायलॉनची झूल, पट्ट्या असे न कुजणारे सगळे उतरवावे. नालबंदाकडून नाल काढून घ्यावेत. आयाळीची किंवा शेपटीची बट ठेवायची असेल तर ती याच वेळी कापावी. काही तासांतच शरीर ताठरू लागते, म्हणून त्याआधी पाय गुडघ्यांत दुमडून पोटाशी घ्यावेत आणि मऊ सुती दोरीने सैल बांधावेत. उशीर झाला असेल तर पाय जबरदस्तीने वाकवू नयेत, खड्डाच रुंद करून घ्यावा.

हलवण्यासाठी जाड ताडपत्री पाठीच्या बाजूने सरकवून घोडा तिच्यावर घ्यावा, डोके गोणपाटात गुंडाळून ताडपत्रीवर नीट टेकवावे, आणि रुंद पट्टे ताडपत्रीला बांधून ती जेसीबीने हळूहळू ओढावी. साखळी शरीराला लागता कामा नये. उतार नसेल तर दोन रुंद पट्टे, एक पुढच्या पायांच्या मागून छातीखाली आणि दुसरा मांड्यांच्या पुढे पोटाखाली घेऊन, बकेटला अडकवून घोडा खाली सोडता येतो, मात्र तेव्हा मान वेगळ्या दोरीने धरावी लागते. ऑपरेटर बहुधा हिंदी बोलणारा असतो आणि त्याच्या दृष्टीने ही रोजच्यासारखी खुदाई असते. ‘भैया, जानवर घर का है, आराम से’ एवढे आधी सांगितले की बहुतेक जण समजून घेतात. इशारे एकाच माणसाने करावेत. घरातल्यांनी, निदान मुलांनी, घोडा खाली सोडताना लांब थांबावे आणि फुले, हळदकुंकू किंवा भंडारा वाहायला नंतर काठाच्या अलीकडे यावे. ताडपत्री प्लास्टिकची असेल तर पट्ट्यांबरोबर ती वर ओढून घ्यावी.

पहिला थर काळ्या मातीचा, ढेकळे आणि दगड नसलेला असावा, आणि बकेट खाली नेऊन तो अलगद सोडायला सांगावा. मग मुरूम, आणि सर्वांत वर पुन्हा काळी माती. चुना आणि मीठ टाकण्याची पद्धत आहे, पण त्यांनी कुजणे लांबते. संसर्गजन्य रोगात डॉक्टर सांगतील तेव्हाच चुना टाकावा. वर गुडघाभर उंचवटा ठेवावा, मशीनने तो दाबून सपाट करू नये, आणि कडेने बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे.

पहिल्या पावसाळ्यानंतर माती खचते, तेव्हा भर घालावी. वैशाखात काळ्या मातीला भेगा पडतात, आणि त्यांतून येणाऱ्या वासावर कुत्री उकरायला येतात. भेगा दिसल्या की मुरूम भरून त्या बुजवाव्यात. शेताच्या नकाशावर खसरा (जमिनीच्या सर्व्हे) क्रमांकासह जागेची खूण करून ठेवावी, म्हणजे पुढे कधी बोअर घ्यायची वेळ आली तर तिथे कोणी मशीन उभे करणार नाही.