कोरी फोटो-फिल्म घेऊन विमानप्रवास कसा करावा

फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइडच्या कणांवर दृश्य प्रकाशाप्रमाणेच क्ष-किरणांचाही परिणाम होतो. त्यामुळे कॅमेऱ्यात कधीच न बसवलेला रोलसुद्धा विमानतळावरील तपासणी यंत्रातून गेला की थोडाफार खराब होऊ शकतो. हा परिणाम फिल्म धुतल्यावरच कळतो. सावल्यांमधले बारकावे राखाडी थरात हरवतात, कॉन्ट्रास्ट उतरतो, दाणे ठळक होतात आणि किरणांचा मारा तीव्र असेल तर फिल्मवर पट्टे उमटतात. शिवाय हा परिणाम साठत जातो, म्हणजे प्रत्येक तपासणीची मात्रा आधीच्या मात्रेत मिळत राहते. धुऊन झालेल्या निगेटिव्हला यातले काहीच बाधत नाही. पुढची सगळी काळजी न धुतलेल्या फिल्मपुरतीच आहे.

पायरी १ : कोणती फिल्म किती नाजूक आहे ते आधी पाहावे

आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा; तो जास्त असलेली फिल्म वेगवान, कमी असलेली मंद. आयएसओ जितका जास्त, तितका धोका जास्त. पारंपरिक एक्स-रे यंत्रांच्या बाबतीत आयएसओ ८०० ही सर्वमान्य सीमारेषा आहे : त्याहून मंद फिल्म केबिन बॅगेच्या अशा यंत्रातून मोजक्या वेळा गेली तर सहसा लक्षात येण्यासारखे नुकसान होत नाही. पोर्ट्रा ८००, डेल्टा ३२०० किंवा टी-मॅक्स पी३२०० यांसारख्या फिल्म मात्र एकदाही यंत्रात जाऊ देऊ नयेत. आयएसओ ४०० ची ट्राय-एक्स १६०० वर वापरून पुश करण्याचा, म्हणजे धुताना जास्त वेळ देऊन तिचा वेग वाढवण्याचा बेत असेल, तर तिलाही वेगवान फिल्मच समजावे. इन्स्टॅक्स या झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्म आयएसओ ८०० ची असते आणि एकदाच वापरायच्या अनेक कॅमेऱ्यांतही तशीच वेगवान फिल्म भरलेली असते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. उजेड भरपूर मिळणार असेल, तर आयएसओ १०० ची फिल्म नेणे हाच सर्वांत सोपा बचाव आहे.

पायरी २ : फिल्म चेक-इन सामानात ठेवू नये

या नियमाला अपवाद नाही. चेक-इन सामान तपासणारी यंत्रे केबिन बॅगेच्या यंत्रांपेक्षा बरीच शक्तिशाली असतात, आणि आपली बॅग किती वेळा व कोणत्या यंत्रातून गेली हे प्रवाशाला कधीच कळत नाही. शिशाचे अस्तर असलेल्या पिशवीवर विसंबूनही भागत नाही. पडद्यावर ती अपारदर्शक ठिपक्यासारखी दिसते, संशय वाढतो आणि बॅग उघडली जाते किंवा पुन्हा यंत्रात जाते.

पायरी ३ : तपासणाऱ्याला सोपे जाईल असे पॅकिंग करावे

३५ मिमीचे रोल पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाहेर काढावेत, शक्य असल्यास पारदर्शक डब्यांत घालावेत आणि सगळे मिळून एका पारदर्शक झिप पिशवीत ठेवावेत. ही पिशवी बॅगेच्या तळाशी नको, वरच हाताशी असावी. १२० च्या (३५ मिमीपेक्षा रुंद, मीडियम फॉरमॅटच्या) रोलांचे वेष्टन तसेच राहू द्यावे. शीट फिल्मचे (सुट्या पानांच्या फिल्मचे) खोके उजेडात उघडता येत नाही, त्यामुळे त्यावर तसे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि काळी चेंजिंग बॅग (आत हात घालून फिल्म अंधारात हाताळायची पिशवी) जवळ ठेवावी. कॅमेऱ्यात अर्धवट रोल असेल, तर तो विमानतळावर पोहोचण्यापूर्वी संपवून बाहेर काढावा, कारण कॅमेरा यंत्रात गेला की रोलही त्याच्याबरोबर जातो.

पायरी ४ : समोरचे यंत्र ओळखावे

अलीकडे हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे. अनेक विमानतळांवर केबिन बॅगेसाठीही आता सीटी स्कॅनर बसवले जात आहेत. हे यंत्र बॅगेभोवती क्ष-किरणांचा स्रोत फिरवून त्रिमितीय प्रतिमा तयार करते, त्यामुळे फिल्मला मिळणारी मात्रा जुन्या यंत्राच्या तुलनेत खूपच जास्त असते. इथे आयएसओ ८०० चा जुना हिशेब चालत नाही, कारण एकाच स्कॅनने मंद फिल्मवरही परिणाम होऊ शकतो. लॅपटॉप आणि द्रवपदार्थ बॅगेतच राहू द्या, अशी सूचना रांगेत दिसली किंवा यंत्राचा बोगदा जाडजूड असेल, तर ते सीटी असण्याचीच शक्यता अधिक. धातुशोधक दारातून आणि मिलिमीटर-लहरींच्या शरीर-स्कॅनरमधून जाण्याची भीती बाळगू नये. तिथे क्ष-किरण नसतात.

पायरी ५ : हाताने तपासणी मागावी

बॅग पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच फिल्मची पिशवी हातात घेऊन, ही न धुतलेली फोटो-फिल्म आहे आणि कृपया ती हाताने तपासावी, अशी शांतपणे विनंती करावी. यासाठी नेहमीपेक्षा लवकर पोहोचावे, कारण अधिकारी डबे उघडून पाहतात किंवा स्फोटकांच्या कणांसाठी बाहेरून पुसून चाचणी घेतात, आणि गर्दीच्या वेळी या कामाला वेळ लागतो. अमेरिकेतील टीएसए ही विमानतळांवरील सुरक्षा तपासणी करणारी सरकारी संस्था प्रवाशांना अशी विनंती करण्याची स्पष्ट मुभा देते. इतर अनेक ठिकाणी मात्र निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचाच असतो, त्यामुळे नकार मिळाला तर वाद घालू नये. सीटी नसलेली रांग आहे का, एवढे जरूर विचारावे. विमान बदलताना पुन्हा तपासणी होणार असेल, तर ती विनंती प्रत्येक ठिकाणी नव्याने करावी लागते.

नकाराची शक्यता जास्त असेल किंवा वाटेत अनेक तपासण्या असतील, तर फिल्म मुक्कामाच्या गावी विकत घेणे आणि परतण्यापूर्वी तिथल्याच लॅबमध्ये धुऊन घेणे, हा माझ्या मते सर्वांत निर्धोक मार्ग आहे. टपालाने पाठवलेले पार्सलही क्ष-किरणांतून जाऊ शकते, त्यामुळे तो पर्याय दिसतो तितका सुरक्षित नाही.

इतके करूनही एखादा रोल सीटीतून गेलाच, तर त्यावर पेनाने खूण करावी आणि महत्त्वाच्या प्रसंगांसाठी दुसरा रोल वापरावा. खूण केलेली फिल्म निगेटिव्ह असेल, तर साधारण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश देऊन ती वापरावी, म्हणजे सावल्यांतला तपशील धूसर थराच्या वर येतो. पुश मात्र करू नये. स्लाइड फिल्मला, म्हणजे थेट सुलट रंगांचे पारदर्शक चित्र देणाऱ्या फिल्मला, अशी सूट नसते. तिच्यावर जास्तीचा प्रकाश उजळ भाग जाळतो आणि धूसर झालेला काळा रंग परत गडद होत नाही.