अमेरिकेतून ग्वादलाहाराला येताय? आधी हे वाचा

मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराला बदली होऊन येणारी आपली बरीच मंडळी आधी डॅलस नाहीतर न्यू जर्सीत काही वर्षं काढून आलेली असतात. मेक्सिको म्हणजे स्वस्तातली अमेरिका, असं धरून चालतात आणि तिथूनच बिनसायला लागतं.

पहिला फटका विमानतळावरच बसतो. पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा असला की भारतीयाला मेक्सिकोत फिरायला यायला वेगळा व्हिसा लागत नाही. त्यामुळे ते पान दिसलं की अधिकारी पर्यटकाचा शिक्का मारून मोकळा होतो. तुम्ही नोकरीसाठी येताय, वकिलातीतून रहिवासी व्हिसा घेतलाय, तर रहिवासी व्हिसाचंच पान उघडून पुढे करा. 'कान्हे', म्हणजे व्हिसा बदलून रहिवासी कार्ड घ्यायचंय, असं स्पष्ट सांगा. शिक्क्यावर ३० दिवस लिहिलेत का, हे खिडकी सोडायच्या आत वाचा, कारण त्या ३० दिवसांतच रहिवासी कार्डाचा अर्ज करावा लागतो. ओळखीतल्या एका कुटुंबाने अमेरिकेचा व्हिसा दाखवला आणि १८० दिवस मिळाले म्हणून उलट खूश झालं. रहिवासी व्हिसा वाया गेला. देशाबाहेर जाऊन सगळं पहिल्यापासून करावं लागलं, घराचं डिपॉझिट बुडालं, मुलीची शाळा लांबली. मागे कितीही रांग असू दे, शिक्का वाचा.

फॉर्मवर दोन आडनावं विचारतात, वडिलांकडचं आणि आईकडचं. दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव घालू नका. सगळीकडे पासपोर्टाप्रमाणेच नाव हवं.

आता माणसांबद्दल. इथे लिफ्टमध्ये शिरणारा अनोळखी माणूसही 'बुएनोस दियास' म्हणतो. फोंदात, म्हणजे छोट्या खाणावळीत, जेवत असाल तर बाहेर पडणारा तुमच्या टेबलापाशी क्षणभर थबकतो, मान किंचित लववतो, 'प्रोवेचो' (सावकाश जेवा) म्हणतो आणि जातो. हात पुसत का होईना, 'ग्रासियास' म्हणा. दुपारचं जेवण दोन-तीनच्या सुमाराला होतं आणि ताटं उचलली तरी कुणी उठत नाही. कामाचे कितीतरी गुंते तिथेच सुटतात. आपले लोक मात्र हेडफोन लावून डेस्कवर डबा संपवतात आणि वर 'इथले लोक आपल्याला सामावून घेत नाहीत' म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. ईमेलसुद्धा विचारपूस केल्याशिवाय कामावर आणू नका.

'आमच्याकडे अमेरिकेत असं नसतं' हे वाक्य तर सोडूनच द्या. १८४८च्या तहात कॅलिफोर्नियासकट मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडे गेला, हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. ५ मेला शुभेच्छाही देत सुटू नका. तो स्वातंत्र्यदिन नव्हे, फ्रेंचांविरुद्धच्या १८६२च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस. त्याचा गाजावाजा अमेरिकेत जास्त. स्वातंत्र्याचा जल्लोष १५ सप्टेंबरच्या रात्री असतो. तेव्हा मुलांना घेऊन चौकात जाच.

शाकाहाऱ्यांनो, 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. फ्रिहोलेस (राजम्यासारखी उसळ) बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या रश्शात शिजवतात. 'सिन मान्तेका' आणि 'सिन काल्दो दे पोयो' पाठच करा.

पहिलं रहिवासी कार्ड एकाच वर्षाचं असतं आणि ते संपण्याआधीच्या ३० दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो. तारीख डिसेंबरअखेरीस येत असेल तर महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जा. १२ तारखेला ग्वादालुपे मातेचा सण झाला की कामं रेंगाळतात, ती थेट ६ जानेवारीपर्यंत.