घरच्या कार्यशाळेसाठी जुने कम्बाइंड रंधा मशीन घेताना

घरच्या कार्यशाळेसाठी लाकूडकामाचे बहुउपयोगी यंत्र शोधू लागले, की आपल्याकडच्या जुन्या बाजारात बहुधा एकच रचना समोर येते. बिडाची बैठक, वर लाकडाचे तोंड सपाट करणारा रंधा, त्याखाली जाडी काढण्याची सोय, रंध्याची पाती फिरवणाऱ्या शाफ्टच्या एका टोकाला गोल करवत आणि दुसऱ्या टोकाला चक (ड्रिलचा बिट धरणारी पकड) बसवून भोके व खाचा पाडण्याचे सरकते टेबल. राजकोट, लुधियाना, बटाला या भागांतल्या कारखान्यांतून आलेली ही यंत्रे गावोगावच्या सुतारांकडे आहेत. प्लायवूड आणि लॅमिनेटचे काम वाढल्यावर सागाच्या फळ्या रंधण्याचे काम कमी झाले, आणि त्यामुळे अनेक चांगली यंत्रे आज दुकानाच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली पडून आहेत. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी दोन-चार दुकानदारांशी बोलले, तरी कोण यंत्र काढायच्या विचारात आहे ते कळते.

असे यंत्र पाहायला जाताना विक्रेता त्यात किती कामे होतात ते सांगेल. आपण मात्र ते प्रथम रंधा म्हणूनच तपासावे. करवत आणि ड्रिल वेगळे घेता येतात आणि वेगळे घेतलेलेच हाताला अधिक सोयीचे पडतात. सपाट, जड, न हलणारी बिडाची टेबले मात्र कमी पैशांत दुसरीकडे मिळत नाहीत. मोटार, पट्टा, बेअरिंग, स्विच, पाती हे सारे बदलता येते. टेबले, कटर-ब्लॉकचा (पाती बसवलेल्या फिरत्या ठोकळ्याचा) शाफ्ट आणि टेबले ज्यावरून सरकतात ते उतरते मार्ग झिजले किंवा तडकले असतील, तर यंत्र फुकट मिळाले तरी महाग पडते. गंजलेली मोटार पाहून परत फिरणारे आणि नवा रंग पाहून पैसे मोजणारे गिऱ्हाईक, दोघेही नेमकी उलटी चूक करतात.

तपासणीला जाताना एक मीटरची खात्रीची स्टीलपट्टी, फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा संच), गुण्या, व्हर्नियर (जाडी बारकाईने मोजण्याचे साधन), बॅटरी आणि सरळ रेषांच्या लाकडाचे चार-पाच तुकडे बरोबर न्यावेत. स्टीलपट्टी टेबलावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरून पलीकडून बॅटरीचा उजेड टाकावा. लांबीत ०.१ मिमीपर्यंतची फट घरगुती कामाला चालते, फीलर गेजचे ०.३ मिमीचे पाते सहज आत शिरत असेल, तर टेबल ग्राइंडिंगला द्यावे लागेल, आणि ते उतरवणे, नेणे, घासून आणणे यात किमतीतली सारी बचत संपते. त्यानंतर पुढचे टेबल (जिथून लाकूड आत ढकलतात ते) मागच्या, म्हणजे रंधलेले लाकूड जिथे बाहेर येते त्या, टेबलाच्या पातळीत आणून पट्टी दोन्हींवर आडवी पसरावी. दोन्ही टेबले एका पातळीत असायला हवीत. पुढच्या टेबलाचे मोकळे टोक खाली झुकलेले आढळले, तर दोष बहुधा झिजलेल्या मार्गात असतो. टेबलाचे टोक हाताने वर उचलून पाहावे. खडखड जाणवली आणि बाजूचे स्क्रू आवळूनही ती गेली नाही, तर पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही.

कटर-ब्लॉककडे वळण्यापूर्वी प्लग काढून तो नजरेसमोर ठेवावा. ब्लॉक चौकोनी असेल तर ते यंत्र घरी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकोनी ब्लॉकच्या कोपऱ्यांमधील मोकळ्या जागेत बोट खोलवर ओढले जाते, गोल ब्लॉकमध्ये ती जागा फार कमी असते. गोल ब्लॉकमधली पाती पाचरीने आणि बोल्टने धरलेली असतात. बोल्टची डोकी गोल झालेली, आटे गेलेले किंवा एखादी पाचर स्थानिक वर्कशॉपमध्ये पट्टी कापून बनवलेली दिसली, तर ब्लॉक उघडून नीट पाहण्याचा आग्रह धरावा, कारण मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास फिरताना सुटलेले पाते कोणाला लागेल हे सांगता येत नाही. पाती वारंवार धार लावून अरुंद झाली असतील, तर नव्या जोडीची किंमत हिशेबात धरावी.

पाती सारखी बसली आहेत का, हे पाहायची सोपी रीत आहे. लाकडाची सरळ पट्टी मागच्या टेबलावर अशी ठेवावी, की तिचे टोक ब्लॉकच्या वर येईल. टेबलाची कड जिथे येते तिथे पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारावी आणि पुली धरून ब्लॉक हाताने सावकाश फिरवावा. पाते पट्टीला टेकून तिला तीन-चार मिलिमीटर पुढे सरकवते. हीच क्रिया पात्याच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, आणि प्रत्येक पात्याने करावी. सरकण्याचे अंतर सगळीकडे सारखे आले, तर मालक यंत्राची निगा राखणारा होता असे समजावे. एकाच पात्याचे अंतर वेगळे आले तर ते नीट बसवून भागते. पण सर्वच पात्यांना एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी अंतर येत असेल, तर शाफ्ट आणि टेबल समांतर नाहीत.

आता यंत्र सुरू करायला सांगावे आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच चालू ठेवावे. बंद केल्यावर, ब्लॉक पूर्ण थांबल्यानंतर, बेअरिंगच्या घरांना हात लावून पाहावा: कोमट चालेल, चटका बसणार असेल तर बेअरिंग बदलायची आहेत. जाडीच्या रंध्यातून दोन अरुंद पट्ट्या, एक डाव्या आणि एक उजव्या कडेने, टेबल न हलवता काढून व्हर्नियरने मोजाव्यात. फरक ०.२ मिमीहून जास्त असेल, तर खालचे टेबल एका बाजूला उतरले आहे. त्याचे स्क्रू जुळवून ते सुधारते का, हे विक्रेत्यालाच करून दाखवायला सांगावे.

एकच शाफ्ट असल्याचा परिणाम मात्र खरेदीपूर्वी नीट समजून घ्यावा. करवत चालू असताना रंध्याची पातीही फिरत असतात, म्हणून ब्लॉकवर झाकण नसेल तर ते बनवून घेतल्याशिवाय करवत वापरू नये. ड्रिलचा वेगही तोच राहतो, त्यामुळे ६ ते १२ मिमीच्या खाचा पाडण्यापुरताच त्याचा उपयोग. मोठा बिट तिथे जळतो. पूर्वीच्या मालकाने पुली बदलून वेग वाढवला आहे का, हे हिशेबाने कळते: १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर ८ इंची आणि ब्लॉकवर ३ इंची पुली असेल, तर ब्लॉक ३८४० फेऱ्यांनी फिरतो. करवतीच्या पात्यावर छापलेली कमाल मर्यादा याहून जास्त असायला हवी. करवतीमागे चिरलेले लाकूड मिटू न देणारी उभी पट्टी या यंत्रांवर सहसा नसते. ती बसवायला जागा आहे का ते पाहावे.

मोटारीची पाटी वाचावी. तीन फेजची मोटार असलेले यंत्र घरी नेणाऱ्यांची तारांबळ उडते. पण २ हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटारी बहुधा स्टार जोडणीत असतात (स्टार आणि डेल्टा या मोटारीतल्या तारा जोडण्याच्या दोन पद्धती), त्या डेल्टात बदलून सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीने (एका फेजपासून तीन फेज बनवून देणाऱ्या उपकरणाने) चालवता येतात. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांसह.

जागेचा विचार करताना यंत्राचे माप कामाचे नाही. सहा फुटी फळी रंधायची तर यंत्राच्या पुढे आणि मागेही सहा-सहा फूट मोकळे लागतात. वजन दोनशे ते चारशे किलोंच्या घरात असते, तेव्हा वरच्या मजल्याचा नाद सोडावा. उचलताना दोर टेबलांना नव्हे, बैठकीला बांधावा. टेबल धरून उचलले की आत्तापर्यंत मोजलेले सारे माप वाया जाते. कोकणात नेत असाल तर टेबलांवर मेण चोळूनच टेंपोत चढवावे.

भाव ठरवताना पाती, बेअरिंग, मोटारीची दुरुस्ती आणि वाहतूक यांची बेरीज करून ती मागितलेल्या किमतीतून वजा करून दाखवावी. किंमत ठरली तरी पैसे देण्याआधी करवतीची गाईड (लाकूड सरळ सरकवण्याची आधारपट्टी), पट्ट्याचे झाकण, चकची चावी, पाती आवळण्याचा पाना आणि ड्रिलच्या टेबलाचे हँडल हाती यायला हवे. या वस्तू यंत्राजवळ क्वचितच असतात. त्या कुठल्या तरी पत्र्याच्या डब्यात, खिळे-बिजागऱ्यांखाली असतात, आणि तो डबा उघडेपर्यंत टेंपो हलू देऊ नये.