कर्नाटक गायनाच्या मैफलीला जाताय? या चुका टाळा

ख्याल ऐकत तयार झालेला कान घेऊन आपण चेन्नईच्या मार्गळीतल्या (डिसेंबर-जानेवारीच्या संगीत हंगामातल्या) एखाद्या सभेत, म्हणजे संगीतसंस्थेच्या मैफलीत, नाहीतर मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात जाऊन बसतो. अर्ध्या तासात वाटू लागतं, ‘फार घाई आहे, राग खुलतच नाही.’ दोष गाण्याचा नसतो. आपण संथ लयीतला बडा ख्याल कधी सुरू होतोय याची वाट पाहत असतो, आणि तो तिथे येणारच नसतो.

संध्याकाळच्या दोन-अडीच तासांत सात-आठ रचना होतात. सुरुवातीला बहुधा वर्णम ही बांधीव रचना, मग लहान कृती (भक्तिपर गीतरचना), मध्यावर किंवा त्यापुढे मुख्य कृती. हा क्रम अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी रूढ केला असं मानतात. त्यामुळे पंधरा मिनिटं उशीर झाला तर एखादी अख्खी रचनाच हुकते. आणि संयम सुटला म्हणून मध्येच उठलात, तर ज्यासाठी आलात ती मुख्य कृतीच राहून जाते.

दुसरी चूक रागांच्या नावांची. कल्याणी म्हणजे साधारण यमन, मोहनम म्हणजे भूप, हिंदोळम म्हणजे मालकंस, इथवर ठीक. पण तोडीचं नाव ऐकून मियाँ की तोडी शोधू नका. कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत. तिथला गंधार एका जागी उभा राहत नाही, आंदोलत राहतो. ‘सूर लागत नाही’ असं नवख्याला वाटतं ते इथेच. तो गमक, म्हणजे स्वराचं हे डोलणं, हाच त्या रागाचा प्राण आहे. एकेक स्वर सुटा करून ऐकू नका, स्वर कुठून निघून कुठे पोचतो ते ऐका.

समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद द्यायची सवयही अडखळते. कृतीची ओळ पुष्कळदा समेनंतर अर्ध्या किंवा पाऊण मात्रेने उचलतात. नेरवल (एकाच ओळीचा विस्तार) असो वा कल्पनास्वर (सरगमचा विस्तार), गायक परततो तो या उठावावर. गोंधळ झाला तर आदि ताल हातावर धरा: टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि उलटा हात ही जोडी दोनदा. आठ मात्रा झाल्या. शेजारचे आजोबा हेच करत असतात, त्यांच्या हाताकडे बघा. मात्र चप्पल आपटून ताल धरू नका.

व्हायोलिनवादक आलापना (रागाचा आलाप) करू लागला की मोबाईल काढणं मला फार खटकतं. त्या मिनिटांत तो गायकाच्या रागविचाराला स्वतःचं उत्तर देत असतो.

पण सर्वांत मोठी चूक म्हणजे तनी आवर्तनाला, म्हणजे तालवाद्यांच्या स्वतंत्र वादनाला, उठणं. मुख्य कृतीनंतर मृदंगम आणि घटम (मातीचा घडा) किंवा खंजिरी एकटे वाजवू लागतात आणि निम्मं सभागृह कॅन्टीनकडे निघतं. सभांचा डोसा, कॉफी उत्तमच असते, पण ती आधी घ्या. तनीत दोघं वादक आधी आळीपाळीने वाजवतात, मग हळूहळू लहान होत जाणारे तुकडे, मग दोघं मिळून मोहरा आणि कोरवै हे समारोपाचे बांधीव तुकडे. तिहाई ज्याला कळते त्याला कोरवैचं तीनदा येणं पकडता येईल. त्यावर गायक तीच ओळ पुन्हा उचलतो. सगळा हिशेब जुळतो तो त्या क्षणी, आणि उठून गेलेल्यांना तो मिळत नाही.

नंतरच्या हलक्या रचनांमध्ये हल्ली अभंगही गातात. मंगलम, म्हणजे शेवटची मंगलरचना, होईपर्यंत बसा.