जुन्या चामड्याला तेल लावण्यापूर्वी

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात आजोबांचा फौजेतील कमरपट्टा, त्यांची चामडी पेटी आणि मळ्यातल्या विहिरीवरील मोटेची सोंड अशा तीन वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी कमरपट्टा मीच बिघडवला. तो वाळून तडकला आहे असे वाटल्यामुळे एका दसऱ्याला मी त्याला सढळ हाताने एरंडेल चोळले. आठ-दहा दिवस तो तुकतुकीत दिसला. पुढे वर्षभरात काळपट आणि चिकट झाला, त्यावर धूळ घट्ट बसली आणि बक्कलजवळची भेग मात्र होती तिथेच राहिली. रोजच्या वापरातील वहाणेला तेल मानवते. जुन्या, थकलेल्या चामड्यात एकदा शिरलेले तेल बाहेर काढता येत नाही, आणि तुटलेले तंतू तेलाने सांधले जात नाहीत. तेव्हा वस्तू पुन्हा वापरात आणायची नसेल, तर तिला नवेपण देण्याचा हट्ट सोडून आहे त्या अवस्थेत तिची झीज थांबवणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

पहिले काम परीक्षेचे. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीचा तुकडा वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर हलकेच टेकवून उचलावा. त्यावर विटेच्या भुकटीसारखी तांबूस पूड आली, तर चामड्याला लाल कूज लागली आहे असे समजावे. नाव कुजीचे असले तरी हा रोग बुरशीचा नव्हे, आम्लाचा आहे. आपल्याकडे कातडी बाभळीच्या सालीने, तरवडाच्या सालीने आणि हिरड्याने कमावली जात असत. बाभूळ आणि तरवड यांच्या सालींतील टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारा तुरट अंश, हवेतील गंधकाचा वायू सहज धरून ठेवते, कालांतराने त्याचे चामड्यातच गंधकाम्ल होते आणि ते तंतूंना आतून खात जाते; हिरड्यातील टॅनिन वेगळ्या जातीचे असल्याने त्याने कमावलेले चामडे या बाबतीत अधिक काळ तग धरते. कोळशाच्या धुरात वर्षे काढलेल्या वस्तूंना हा रोग विशेष जडतो. तो बरा होत नाही. पुडीला जागच्या जागी बांधून ठेवता येते, इतकेच.

झाडपूस कोरडीच करावी. रंगाऱ्याचा रुंद, मऊ कुंचला घेऊन धूळ एका दिशेने झाडावी आणि नळीच्या तोंडाला मलमल बांधलेला व्हॅक्यूम क्लीनर जवळ धरून ती ओढून घ्यावी. नाकाला मास्क आणि हातात मोजे असू द्यावेत, कारण जुन्या घरांतील पेट्यांमध्ये कसरीसाठी गॅमेक्सिन ही विषारी कीटकनाशक पावडर टाकण्याची पद्धत होती आणि ती आजही शिवणींत दडलेली असू शकते. ओले फडके मात्र अजिबात लावू नये. लाल कूज लागलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब पडला की ती जागा काळी आणि कडक होते, आणि तो डाग पुढे कशानेही जात नाही.

पूड बांधण्यासाठी हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज नावाची पांढरी भुकटी वापरतात; संवर्धनाचे साहित्य विकणाऱ्यांकडे ती मिळते. १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ ते २ ग्रॅम भुकटी थोडी थोडी भुरभुरत ढवळावी, झाकण लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी गुठळ्या उरल्या नाहीत याची खात्री करून घ्यावी. अल्कोहोल भडकन पेट घेते, म्हणून हे काम खिडक्या उघडून आणि देवघरातील समईपासून दूर करावे. द्रावण आधी आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबावे. रंग गडद झाला नाही, तर मऊ कुंचल्याने पातळ हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मलमलीची परीक्षा पुन्हा करावी. पूड येतच असेल तर दुसरा पातळ हात द्यावा. एकाच वेळी दाट थर दिल्यास पृष्ठभागावर परकी चमक येते आणि वस्तू रेक्झिनची वाटू लागते.

फाटलेल्या जागेची दुरुस्ती यानंतरच करावी. रबर सोल्यूशन किंवा सुताराचा पांढरा गोंद वापरू नये. पहिले पिवळे पडून डाग सोडते आणि दुसरा पुढे सहजासहजी सोडवता येत नाही. यासाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ उत्तम. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तसाच काढावा, आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत त्यावरचे पाणी बदलत राहावे, आणि मीठ-हिंग न घालता मंद आचेवर शिजवून गार झाल्यावर तो गाळणीतून दोनदा घासून काढावा. आमच्या घरी यासाठी स्वयंपाकघरातील पातेले वापरले म्हणून बोलणी खावी लागली होती. वेगळे भांडे ठेवलेले बरे. लांब तंतूंचा जपानी कागद चामड्याच्या रंगाला जुळेल असा आधीच रंगवून वाळवावा. कात्रीने न कापता तो हाताने फाडावा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. त्यावर खळीचा अगदी कोरडसर हात फिरवून तो भेगेच्या मागून सरकवावा, दोन्ही कडा बोटाने जुळवाव्यात आणि वर टिपकागद व हलके वजन ठेवून रात्रभर सोडावे.

शिवण उसवली असेल तर आरीने नवी भोके पाडू नयेत. जुन्याच भोकांतून सुती दोरा बोथट सुईने ओवावा आणि तो मुद्दाम चामड्यापेक्षा कच्चा निवडावा, म्हणजे ताण आला तर दोरा तुटेल, चामडे फाटणार नाही. एखाद्या अनुभवी चर्मकाराकडून टाके घालून घ्यायचे असतील, तर नायलॉनचा दोरा नको, हे आधीच सांगावे. पितळी बक्कलभोवती साचणारा हिरवा मेणचट थर तांबे आणि चामड्यातील स्निग्धांश यांच्या संयोगातून तयार होतो. तो दातकोरणीने खरवडावा, पितळेची पॉलिश तिथे लावू नये.

पावसाळ्यात चामड्यावर पांढरा थर दिसला की सर्वजण बुरशी म्हणतात. हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून क्षणभर दिल्यावर थर विरघळला, तर तो आतून वर आलेला स्निग्धांश असतो. न विरघळल्यास बुरशी समजून वस्तू इतरांपासून वेगळी करावी आणि कोरड्या, हलत्या हवेत ठेवावी.

२०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील महापुरांनंतर सांगलीत पाण्याविषयी वेगळे लिहावेच लागते. भिजलेले चामडे उन्हात टाकू नये. चांगले चामडेही ओले असताना साधारण ७० अंश सेल्सिअसपुढे आकसते आणि जीर्ण चामड्यात ही मर्यादा ४० अंशांच्या आसपासही येऊ शकते, म्हणजे तापलेल्या पत्र्यावर ठेवण्याइतके कारण पुरते. आत जुन्या सुती कापडाचे बोळे भरून आकार धरून ठेवावा, बोळे रोज बदलावेत आणि वस्तू सावलीत, पंख्याचा झोत थेट न लागेल अशी, सावकाश वाळू द्यावी. ढालीवर किंवा म्यानावर रंगकाम असेल, तर घरी हात न लावता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन केंद्राचा सल्ला घ्यावा.

ठेवण्यासाठी दोनदा धुतलेले मांजरपाट सर्वांत चांगले. प्लॅस्टिकमध्ये वाफ कोंडते आणि वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असे सांगतात. कृष्णाकाठी पावसाळ्यात ते साधणे कठीण आहे. निदान ती ६५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. मी कपाटात आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो, तळमजला सोडून माडीवरची आतली भिंत निवडतो आणि कमरपट्टा गुंडाळी न करता फळीवर सरळ पसरून ठेवतो. आषाढापासून भाद्रपदापर्यंत दर पंधरवड्याला कपाट उघडून मलमलीचा तुकडा पुन्हा एकदा टेकवून पाहतो.